‘पाला’ म्हणजे पाचोळा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळची सुटी जवळ आली की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत मनाली, शिमला, गुलमर्ग, औली यांची पांढरीशुभ्र छायाचित्रे झळकू लागतात आणि आमच्या प्रतापनगरातील चहाच्या टपरीवर कोण कोणत्या तारखेला निघणार याचे बेत शिजू लागतात. अलीकडे या बेतांत एक फरक पडला आहे. पूर्वी लोक रेल्वेने दिल्ली गाठत आणि पुढे बसने किंवा भाड्याच्या गाडीने जात. आता घरची गाडी काढून थेट निघतात. त्यात नवल नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या नागपूर शहरातूनच जातो. मनसर-देवलापारच्या वाटेला लागलेला माणूस सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली करत एकाच महामार्गाने अंबाल्यापर्यंत पोहोचतो आणि तिथून हिमालय काही तासांवर राहतो. या चौदाशे-पंधराशे किलोमीटरांपैकी बहुतेक रस्ता आपल्या ओळखीच्या जातीचा आहे. हे पत्र त्यापुढच्या शेवटच्या, बर्फाळ अशा चाळीस-पन्नास किलोमीटरांबद्दल आहे, ज्यांच्याविषयी पुरवण्यांत एक ओळही येत नाही.

मी एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षे मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवले. ब्रेक हा माझा हातखंडा विषय. तरीही बर्फाळ रस्त्यावर ब्रेक काय करतो हे मला निवृत्तीनंतर कळले आणि तेही पुस्तकातून कळले नाही.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, पत्नी, मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात असे पाच जण जावयांच्या गाडीने शिमल्याला गेलो होतो. शिमल्यात बर्फ नव्हता, म्हणून नारकंड्याला जायचे ठरले आणि गर्दी टाळण्यासाठी आम्ही सकाळी साडेसातलाच निघालो. कुफरी ओलांडल्यावर एका टपरीवर चहा घेतला. आकाश निरभ्र होते, रस्ता काळाभोर दिसत होता. पैसे देताना टपरीवाला म्हणाला, “बाबूजी, आगे पाला है, मोड़ पे ध्यान रखना.” पाला म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे येते तेच माझ्याही आले. रस्त्यावर झाडांची पाने पडली असतील, ओल्या पानांवरून चाक घसरते, एवढे मला ठाऊक होते. तेव्हा “जावईबापू, पुढे पाचोळा आहे म्हणतो, जरा हळू घ्या,” असे सांगून मी निश्चिंत झालो. दोन्ही बाजूंना देवदार उभे होते आणि देवदाराची पानगळ होत नाही, हे तरी मला त्या वेळी सुचायला हवे होते. हिंदीतला पाला म्हणजे गोठलेले दहिवर. पहाडातल्या माणसाने आम्हाला स्पष्ट शब्दांत सावध केले होते आणि आम्ही त्याचे बोलणे आपल्या भाषेत ऐकले.

फागूच्या अलीकडे, उजवीकडे जाणाऱ्या एका वळणावर डोंगराची गडद सावली पडलेली होती. वेग जेमतेम पंचवीस होता. मागच्या सीटवरून नात म्हणाली, “आबाजी, गाडीचा आवाज बंद झाला.” तिचे खरे होते. इंजिन चालू होते, पण डांबरावर टायर घासल्याचा जो एकसारखा आवाज आपल्या कानांना इतका सवयीचा असतो की तो ऐकूच येत नाही, तोच नेमका थांबला होता. पुढच्याच क्षणी जावयांनी स्टिअरिंग उजवीकडे वळवले आणि गाडी वळली नाही. त्यांनी ब्रेक दाबला. पायाखालचे पेडल थडथडू लागले. ब्रेक बिघडला असे वाटून त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा सगळा जोर लावून दाबला. गाडी मात्र गुळगुळीत फरशीवरून सरकवलेल्या पाटासारखी दरीच्या बाजूला सरळ जात राहिली. टायरची किंकाळी नाही, धक्का नाही, काहीच नाही. त्या शांततेचीच मला अजून भीती वाटते. रस्त्याच्या कडेला आठवड्यापूर्वीच्या हिमवृष्टीत यंत्राने लोटलेला, मातीने मळलेला बर्फाचा टणक ढीग होता. त्यात डावा दिवा आणि बंपर घुसून आम्ही थांबलो. ढिगापलीकडचा कठडा गुडघ्याएवढा होता.

मी दार उघडून खाली उतरलो आणि उतरताच बसलो. बसल्याजागी रस्त्यावर हात फिरवला. वरून पाहता ते साधे ओलसर डांबर होते. नखाने खरवडले तेव्हा पांढरी रेघ उमटली. काचेसारखा पारदर्शक, पोस्टकार्डाहून थोडा जाड थर होता तो. नंतर कडेकडेने चालत मी अंतर मोजले. ब्रेक दाबल्यापासून ढिगापर्यंत माझी एकोणचाळीस पावले भरली, म्हणजे सुमारे पंचवीस मीटर.

हे अंतर ऐकून नागपुरात कोणाचाही विश्वास बसत नाही, म्हणून थोडे गणित मांडतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड दर्शविणारा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो, बर्फाच्या काचेवर तो ०.१ च्या आसपास उतरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. त्याच गाडीला, त्याच टायरवर, बर्फाच्या काचेवर ६० मीटरहून अधिक अंतर लागते. पाच-साडेपाच एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढे. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातले ११ मीटर वेगळे. वेग निम्मा केला, म्हणजे ताशी २०, तर हे ६० मीटर १६ वर येतात. कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हा सगळा हिशेब सपाट रस्त्याचा झाला. वीस मीटरला एक मीटर उतार असेल तर अंतर दुप्पट होते आणि दहाला एक असा उतार असेल तर गाडीला खाली ओढणारे बळ आणि टायरची पकड जवळजवळ समसमान होतात, म्हणजे चाके पूर्ण थांबली तरी गाडी थांबत नाही. मी एकतीस वर्षे फळ्यावर हेच सूत्र लिहीत होतो. त्यात ०.१ हा आकडा घालून पाहण्याची वेळ कधी आली नव्हती, एवढेच.

आपल्या शहराने बर्फाळ रस्ता कधी पाहिलेला नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ती आपल्या थंडीची सीमा. शून्य त्याच्याही खाली राहते. आपले चालक घडले आहेत ते सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात, जूनच्या पहिल्या सरीने तेलकट झालेल्या चौकांत आणि आता समृद्धी महामार्गाच्या ताशी १२० च्या सवयीत. या सगळ्या शाळांनी एकच धडा पक्का केला आहे: संकट दिसले की ब्रेक. तो धडा इथे योग्यच आहे. बर्फाच्या काचेवर मात्र तोच पाय घात करतो.

त्यामागचे कारण समजून घेतले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. टायरकडे पकडीची एक ठरावीक पुंजी असते आणि ब्रेक, वळण व वेग वाढविणे हे तिन्ही खर्च त्याच पुंजीतून भागवावे लागतात. कोरड्या रस्त्यावर पुंजी एवढी मोठी असते की वळता वळता ब्रेक मारला तरी निभावते. बर्फावर ती जेमतेम एका खर्चाला पुरते. म्हणून वेग वळणाआधीच, सरळ रस्त्यावर, पाय अलगद टेकवत कमी करायचा, वळण ब्रेकविना घ्यायचे आणि बाहेर पडून सरळ झाल्यावरच ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा. उतारावर सुरुवातीपासूनच दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये राहावे, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरते. पण भर उतारावर चौथ्यातून एकदम दुसऱ्यात टाकून क्लच सोडला तर चाके झटका खाऊन घसरतात, तेव्हा गिअरही उताराआधीच बदललेला बरा. उभ्या गाडीला हलविताना चाक जागच्या जागी फिरू लागले तर पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकून क्लच हळू सोडावा. पुढच्या गाडीपासून आपण शहरात जेवढे अंतर ठेवतो (किंवा ठेवायला हवे) त्याच्या आठ-दहा पट ठेवावे. चढावर तर पुढची गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत खालीच थांबावे, कारण मध्येच थांबावे लागले तर बर्फावरील चढ पुन्हा धरता येत नाही. अरुंद घाटात वर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी हा नियम आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. तिथे तो नियम पाळला जातो, हे मी पाहिले.

गाडी घसरलीच तर काय करावे, हे वाचून येत नाही, पण ठाऊक असलेले बरे. पुढची चाके घसरत असतील, म्हणजे आमच्यासारखे स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जात असेल, तर आणखी वळविण्याचा मोह आवरावा, ॲक्सिलरेटर सोडावा आणि स्टिअरिंग किंचित सरळ आणावे, म्हणजे चाकांना पुन्हा पकड मिळते आणि मगच ती वळतात. मागची बाजू घसरून बाहेर जात असेल, तर ती ज्या बाजूला जाते आहे त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच न्यावे. दोन्ही प्रसंगी नजर दरीवर खिळवू नये, आपल्याला जायचे आहे त्या रस्त्याकडे ठेवावी. हात नजरेच्या मागे जातात. आणि पेडल थडथडले तर घाबरू नये. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत एबीएस (ब्रेकमधली एक यंत्रणा) सक्तीचे झाले आहे आणि ते थडथडणे म्हणजे ते काम करीत असल्याची खूण असते. चाके पूर्ण जाम होऊ न देता स्टिअरिंग तुमच्या हाती ठेवणे हे त्याचे काम. बर्फावरचे थांबण्याचे अंतर कमी करून देण्याचे वचन त्याने दिलेले नाही. हीच गोष्ट चारही चाके ओढणाऱ्या महागड्या गाड्यांची. त्या निघताना आणि चढताना उपयोगी पडतात. थांबताना मात्र सर्व गाड्यांना चारच चाके आणि चारच ब्रेक असतात, त्यामुळे फोर बाय फोरवाला जास्त वेगात कड्यापर्यंत पोहोचतो इतकाच काय तो फरक.

ही काच कुठे असते, हे ओळखणे याहून महत्त्वाचे. पाऊस किंवा हिमवृष्टी झालेली असावीच लागते असे नाही. दिवसा उन्हाने कडेच्या ढिगातला बर्फ वितळून त्याचे पाणी रस्त्यावर ओघळते आणि सूर्य डोंगराआड गेला की जागच्या जागी गोठते. म्हणून ती सावलीच्या वळणांवर, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर आणि झऱ्याचे पाणी रस्ता ओलांडते अशा ठिकाणी हमखास सापडते. पुलांवर ती सर्वांत आधी धरते, कारण पुलाला खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा अधिक थंड होतो, त्यामुळे डॅशबोर्डवर दोन-तीन अंश दिसत असतानाही डांबरावर बर्फ असू शकतो; अनेक गाड्यांत तीन-चार अंशांनाच बर्फाच्या फुलाची खूण उजळते ती याचसाठी. (नागपुरात २०१८ च्या त्या पहाटे काहींच्या गाडीत ती उजळली असेलही आणि त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन केला असेल.) आपल्याला वाटते, थंडी जितकी जास्त तितकी घसरण जास्त. प्रत्यक्षात शून्याच्या जवळचा बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. तेव्हा सकाळी नऊच्या सुमाराचे कोवळे ऊन हे सुरक्षिततेचे लक्षण मानू नये. रस्ता ओला चमकतो आहे पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत, स्टिअरिंग अचानक हलके वाटते आणि टायरचा आवाज नाहीसा होतो, या तीन खुणा मी आता घोकून ठेवल्या आहेत. तिसरी नातीने शिकवली.

आम्हाला बाहेर काढले ते दुधाचे कॅन वाहणाऱ्या एका पिकअपच्या चालकाने. त्याने गाडी वरच थांबवली, कडेच्या खडबडीत बर्फावर पाय रोवत तो खाली आला आणि येताना तेलाचा एक जुना डबा घेऊन आला. डब्यात चुलीतली राख होती. त्याने ती चारही चाकांपुढे दोन-दोन मुठी पसरली, जावयांना उतरवून स्वतः बसला आणि ॲक्सिलरेटरला जवळजवळ स्पर्शही न करता गाडी मागे घेतली. पैसे घेतले नाहीत. “ब्रेक मत मारो, गाड़ी को चलने दो, और धूप निकलने के बाद आया करो,” एवढेच म्हणाला. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीचे सार त्याने तीन वाक्यांत सांगितले, त्यातली दोन मी कधीच शिकवली नव्हती. सकाळी दहापूर्वी आणि दुपारी चारनंतर तिथले लोक निकड असल्याखेरीज गाडी काढत नाहीत, हे आम्हाला त्यानंतर दिसू लागले.

आता निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल, कारण ती नागपुरातच करायची असते. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरमधले कूलंट. एप्रिल-मेमध्ये पातळी उतरली की आपण बिनदिक्कत नळाचे पाणी ओततो. दोन उन्हाळ्यांत त्या हिरव्या किंवा गुलाबी द्रवाचे नुसते रंगीत पाणी होते. नागपुरात त्याने काही बिघडत नाही. उणे सात-आठ अंशांच्या रात्री मात्र ते पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि रेडिएटर किंवा थेट इंजिनचा ब्लॉक तडकवते. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी हे मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासही टिकते. गॅरेजमध्ये त्याचे प्रमाण मोजण्याचे साधे उपकरण असते. पाच मिनिटांचे काम आहे, करून घ्यावे. काचेवर फवारण्याच्या पाण्याचेही तेच. त्यात न गोठणारा द्रव घातला नाही तर ऐन वेळी फवारा बंद.

टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर असली तरी चालते, बर्फासाठी ती पुरत नाही. झिजत आलेले टायर घेऊन जाऊच नये. नेहमीच्या टायरचे रबर सात अंशांखाली कडक होऊ लागते, त्यामुळे नवे टायरही तिथे आपल्या ओळखीच्या टायरसारखे वागत नाहीत. हवा इथेच भरून निश्चिंत होऊ नये. थंडीने दाब उतरतो आणि उंचीमुळे मीटरवर तो चढलेला दिसतो, तेव्हा मुक्कामी पोहोचल्यावर सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी तपासावा. बॅटरी जुनी असेल तर ती थंडीत पहिली दगा देते. डिझेल गाडी घेऊन लाहौल-स्पिती किंवा लडाखकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मैदानात भरलेले डिझेल कडक थंडीत मेणासारखे साकळते. याच कारणासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे वेगळे डिझेल बाजारात आणले. मुक्कामी रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडाची उटी द्यावी आणि वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी ओतू नये. आमच्या हॉटेलात शेजारच्या गाडीवर एका गृहस्थांनी आंघोळीची अर्धी बादली ओतली आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जी रेघ ‘टक्’ करून धावली, ती पाहून त्यांच्या मुलाने टाळ्या वाजवल्या.

उत्तर प्रदेश, दिल्ली, हरियाणा या पट्ट्यातले धुके हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर आपण वेळोवेळी छापता, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. हिवाळ्यात दुचाकीने वर जाणाऱ्यांनाही मी काही सांगणार नाही. दोन चाकांना त्या काचेवर कसलाच आधार नाही.

एवढे सगळे लिहून झाल्यावर माझे स्वतःचे मत असे आहे की आपली गाडी शिमल्यात किंवा मनालीत सोडावी आणि वरचा टप्पा स्थानिक टॅक्सीने करावा. हे मत नागपूरकराला पटत नाही, याची मला कल्पना आहे. “दीड हजार किलोमीटर गाडी हाणत आलो, आता शेवटच्या वीस किलोमीटरला दुसऱ्याच्या गाडीत बसू?” हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या घरांत ऐकले आहे. हंगामात टॅक्सीवाले अवाच्या सवा भाडे मागतात हेही खरे आहे आणि मीही त्यांच्याशी हुज्जत घातलेली आहे. पण त्या भाड्यात गाडीपेक्षा चालकाचा पाय अधिक येतो. प्रवासी वाहतूक करणाऱ्याने उत्तराखंडात चारधामच्या वाटेला लागायचे तर त्याच्या परवान्यावर डोंगरी रस्त्याची वेगळी नोंद पाहिली जाते; आपल्या खाजगी गाडीला मात्र कोणी काही विचारत नाही, फुटाळ्याच्या चौपाटीवर शिकलेला माणूस थेट मनालीच्या वरच्या सोलंगला जाऊ शकतो. तेथील पोलीस बर्फ पडल्यावर साध्या गाड्या अडवतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालणाऱ्यांत नागपूरच्या एमएच ३१ आणि एमएच ४९ च्या पाट्या कमी नसतात, असे मला खेदाने नमूद करावे लागते.

२०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून भर हिवाळ्यातही लाहौलच्या बाजूला जाता येते. हिवाळाभर जगापासून तुटणाऱ्या लाहौलवासीयांसाठी ती मोठीच सोय झाली. पर्यटकांच्या दृष्टीने मात्र त्याने एक नवा सापळा तयार केला. बोगद्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. सकाळी उन्हात पलीकडे गेलेली गर्दी दुपारी आभाळ भरून आल्यावर एकाच वेळी परत फिरते. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या अशाच अडकल्या आणि पोलिसांना रात्रीपर्यंत पर्यटकांना बाहेर काढावे लागले. असे अडकल्यावर सर्वांत मोठा धोका थंडीपेक्षाही वेगळा असतो. काचा बंद करून, हीटरसाठी इंजिन चालू ठेवून माणसे झोपतात. बाहेर साचणारा बर्फ सायलेन्सरचे तोंड बुजवतो आणि वास नसलेला, रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक पर्यटक दगावले, त्यांतील काहींच्या मृत्यूला हा वायू कारण ठरल्याचे तेव्हा सांगितले गेले. म्हणून इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवावे, त्याआधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने काढावा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवावी. आणि टाकी निम्म्याखाली गेलेली असताना वर जाऊच नये. गाडीत घोंगड्या, पाणी, थोडा चिवडा, टॉर्च आणि एक लहान फावडे असावे. चिवडा आपल्याकडे विसरला जात नाही. फावडे विसरले जाते.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढील आठवड्यात हिवाळी सहलींची पुरवणी निघेल तेव्हा बर्फाच्या छायाचित्रांशेजारी अर्धा स्तंभ या विषयाला द्यावा. शहरातील मोटर ड्रायव्हिंग स्कूलचे चालक आपले जाहिरातदार आहेत. त्यांनी डिसेंबरात एखाद्या रविवारी सहलीला जाणाऱ्यांसाठी दोन तासांचा वर्ग घेतला तर त्यांचे काही नुकसान होणार नाही. तिथे बर्फ नसला तरी उतारावर गिअर आधी बदलणे, वळणाआधी वेग संपविणे आणि मोकळ्या मैदानात एबीएसचे पेडल एकदा थडथडवून पाहणे, एवढे नागपुरातही शिकविता येते. आमच्या जावयांना ते थडथडणे ओळखीचे असते तर त्यांनी पाय उचलला नसता.

साखळ्यांबद्दल लिहायचे राहिले. बर्फ दाट असेल तर चाकांना लोखंडी साखळ्या लावतात. त्या ओढणाऱ्या चाकांना लावायच्या असतात, म्हणजे आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. टायरवर १८५/६५ आर १५ असे जे माप छापलेले असते त्याच मापाच्या घ्याव्यात आणि चाक व सस्पेन्शन यांच्यामध्ये जागा पुरते की नाही हे गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहावे. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन पुन्हा ताणाव्या लागतात, ताशी तीसच्या पुढे जाऊ नये, आणि उघडे डांबर लागले की काढाव्यात, नाहीतर त्या तुटून मडगार्ड फाडतात. परत आल्यावर मी नागपुरात दोन दुकानांत चौकशी केली, एका दुकानदाराने “ट्रॉली ओढायची आहे का?” असे विचारले. शेवटी बाहेरून मागविल्या आणि आमच्या वसाहतीच्या पार्किंगमध्ये, पंखा लावून, जावयांकडून त्या बसवून घेतल्या. पहिल्यांदा चाळीस मिनिटे लागली आणि एक साखळी उलटी बसली. तिसऱ्या वेळी तेरा मिनिटे. त्यानंतर वसाहतीतील दोन कुटुंबांनी तो जोड नेला. नेण्यापूर्वी दोघांनाही मी पार्किंगमध्येच, हातमोजे घालून, दोन वेळा बसवायला लावला. यंदा अजून कोणी मागायला आलेले नाही आणि नाताळला तीन आठवडे उरले आहेत.

आपला नम्र वाचक,
एक सेवानिवृत्त शिल्प निदेशक
प्रतापनगर, नागपूर